चाक मोकळं फिरतं, ओझं लावलं की थांबतं: लेकरांच्या पाणचाकाची दुरुस्ती

दरवर्षी हेच होतं. शाळेच्या आनंददायी शनिवारी, म्हणजे खेळ-उपक्रमांच्या दिवशी, लेकरं घरून चाक करून आणतात, तोटीखाली धरतात, चाक भिंगरीसारखं फिरतं आणि वर्ग टाळ्या वाजवतो. मग आसाला दोरा बांधून खाली एखादं वजन लटकवलं की चाक दोन हेलकावे खातं आणि उभं राहतं. मागून आवाज येतो, "सर, फिरंना गेलंय."

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. पाण्याची शक्ती शिकवायला पाणचाकासारखं दुसरं साधन नाही असं माझं ठाम मत आहे. पण त्या शिकवण्याचा खरा भाग चाक थांबल्यावर सुरू होतो. नुसतं फिरणारं चाक काहीच सांगत नाही. त्याला फक्त आसाचं घर्षण हरवायचं असतं, आणि तेवढं तर तोंडाने फुंकर मारूनही होतं. चाकाने काही उचललं, ओढलं, दळलं, तरच पाण्याने काम केलं.

बऱ्याच शिक्षकमित्रांना हीच अडचण येते, आणि बहुतेक जण पहिली चूक एकच करतात: चाक मोडून नवं करतात, पाती वाढवतात, मोठी करतात. माझ्या अनुभवात दोष चाकात क्वचितच असतो. पाणी चाकापर्यंत कसं येतं, चाकापासून कसं जातं आणि ओझं कुठे बांधलंय, या तीन जागांपैकी एकीत तो सापडतो. म्हणून लगेच चाक मोडायला घेऊ नका.

एक शब्दाची गोष्ट. पुस्तकात 'जलचक्र' म्हणजे ढग, पाऊस, नदी, वाफ. या चाकालाही कोणी जलचक्र म्हटलं की लेकरांचा गोंधळ होतो आणि उत्तरपत्रिकेत चाकाचं बाष्पीभवन होतं. आम्ही वर्गात याला सरळ पाणचाक म्हणतो.

आमचं चाक कसं आहे

पुढचे आकडे नीट कळावेत म्हणून एवढं सांगतो. दोन जुन्या सीडी, १२ सेंटिमीटर व्यासाच्या. दोन्हींच्या मध्ये कडेने पाण्याच्या बाटल्यांची आठ झाकणं चिकटवलेली, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. सीडीच्या मधल्या भोकावर दोन्ही बाजूंनी एकेक झाकण चिकटवून त्याच्या बरोब्बर मध्यावर भोक पाडलेलं, त्यातून सायकलचा स्पोक हा आस. स्पोक दोन विटांवर टेकवलेल्या जाड रिकाम्या रिफिलींच्या तुकड्यांत फिरतो. बाकावर रंगाची २० लिटरची रिकामी बादली, तिला तळाशी प्लास्टिकची तोटी. खाली टब. तोटीपासून टबापर्यंत ३० सेंटिमीटर. झाकणं कापायला लागत नाहीत, त्यामुळे बोटं कापत नाहीत. पत्र्याचे डबे कापून पाती करणं मी सोडलं त्याचं कारण तेच.

झाकणं चिकटवायला पांढरा गोंद वापरू नका. वाळल्यावर पक्का वाटतो, पण पाण्यात अर्ध्या तासात मऊ पडतो आणि ऐन प्रदर्शनात झाकण सुटून टबात पडतं. एमसीलसारखी दोन लाद्या मळून लावायची लुगदी चालते. रात्रभर वाळू द्यायची.

आधी पाणी बंद करा

थांबलेलं चाक समोर असलं की पहिलं काम तोटी बंद करणं. दोरा सोडा, चाकाला बोटाने एक झटका द्या आणि फेरे मोजा. आमच्या आकाराचं चांगलं चाक आठ-दहा फेरे घेऊन हळूहळू थांबतं. दोन फेऱ्यांत थांबलं तर आस धरतोय. थांबताना दर वेळी एकच झाकण खाली येऊन मागे-पुढे डुलत असेल तर चाक एका बाजूला जड आहे. खालच्या झाकणावर मार्करने खूण करा, पुन्हा झटका द्या. तीनदा तेच झाकण खाली आलं तर खात्री झाली. त्याच्या बरोब्बर समोरच्या बाजूला लुगदीची लहान गोळी लावायची, चाक कुठेही थांबेपर्यंत. हे काम वर्गातल्या सगळ्यात शांत मुलाला द्या. घाई करणाऱ्याच्या हाताने ते होत नाही.

आस धरण्याची कारणं तीनच पाहिलीत. स्पोक वाकलेला असतो. काचेच्या तुकड्यावर ठेवून लोळवला की लगेच दिसतं. किंवा रिफिलीत बारीक वाळू गेलेली असते. किंवा कोणीतरी लाकडी काडीचा आस केलेला असतो. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सकाळी सुरळीत फिरणारं चाक दुपारी जाम होतं. हे लेकरांना सांगण्याऐवजी दाखवावं: एक काडी रात्रभर भिजत घाला, दुसरी कोरडी ठेवा, सकाळी दोन्ही त्याच रिफिलीत घालायला सांगा.

वंगणाचंही एक आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर बैलगाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं सगळ्यांना आठवतं. आमच्या वर्गातली एक मुलगी आजोबांकडून हे ऐकून आली आणि खोबरेल तेल घेऊन आली. ऑगस्टमध्ये ते उत्तम चाललं. डिसेंबरच्या सकाळी चाक जागचं हलेना. परभणीची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांच्या लक्षात आलं असेल, तेल थिजलं होतं. उन्हात नेलं, पाच मिनिटांत चाक मोकळं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट व्हायला लागतं. आता आम्ही टाचणीच्या टोकावर मावेल एवढी व्हॅसलीन वापरतो. तो तेलाचा प्रसंग मात्र दर हिवाळ्यात मुद्दाम घडवून आणतो, कारण 'घर्षण' हा शब्द त्या दिवशी सगळ्यांच्या हाताला कळतो.

चाक फिरतंय पण दोरा गुंडाळला जात नाही, असं असेल तर आस आणि चाक वेगवेगळे फिरताहेत. स्पोकला आणि मधल्या झाकणाला एका रेषेत मार्करची खूण करा. रेष तुटली की चोर सापडला. स्पोक गुळगुळीत असतो, त्यावर लुगदी धरत नाही. आधी सँडपेपरने घासायचा, मग लावायची.

पाणी नेमकं कुठे पडतंय

आस ठीक असेल तर आता तोटी उघडा आणि चाकाकडे नाही, पाण्याकडे बघा. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण दहातल्या सहा-सात चाकांचा आजार इथेच निघतो.

आमच्यासारख्या चाकात पाणी वरून येतं. झाकण पाण्याने भरतं, भरलेल्या झाकणांची बाजू जड होते आणि खाली जाते. म्हणजे हे चाक पाण्याच्या धक्क्याने कमी आणि वजनाने जास्त फिरतं. तराजूचं एक पारडं सारखं जड राहावं तसं. लेकरांना वाटतं की जोरात मारा केला की चाक जास्त ताकद लावेल. मग ती तोटीला नळी लावून बोटाने तोंड दाबतात, पाणी फवाऱ्यासारखं झाकणांवर आपटतं आणि उडून जातं. झाकण रिकामंच राहतं. मोकळं चाक या फवाऱ्याने जोरात फिरतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं काम झालं. ओझं लावलं की फसगत कळते.

धार शांत, जाड आणि जवळून पडली पाहिजे. तोटीचं तोंड वरच्या झाकणापासून दोन बोटं अंतरावर. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर धार १२ आणि १ च्या मध्ये पडावी. १२ च्या आधी, ११ वर पडली तर तेच पाणी चाकाला उलटं ढकलतं. ना इकडे ना तिकडे अशी ओढाताण होऊन चाक थरथरत उभं राहतं. विटा अर्धा इंच सरकवल्या की कितीतरी चाकं चालू झालेली मी पाहिली आहेत. झाकणांची तोंडंही याच वेळी तपासा. खाली उतरणाऱ्या बाजूला प्रत्येक झाकणाचं तोंड वर असलं पाहिजे. आठात एखादं उलटं चिकटवलेलं हमखास सापडतं, आणि चाक दर फेऱ्याला एकाच जागी दचकतं ते त्यामुळे.

पाणी वरून द्यावं की खालून, हा वाद लेकरं आपणहून काढतात. त्यांना भांडू द्या, मग मोजायला लावा. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने नेमकं हेच केलं होतं. त्याने सुमारे दोन फूट व्यासाचं नमुन्याचं चाक बनवलं, त्याला दोरीने वजन उचलायला लावलं आणि पाणी वरून व खालून देऊन फरक मोजला. १७५९ साली त्याने ते निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले: वरून पाणी घेणारं चाक खालून धक्का खाणाऱ्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट काम देतं. मी हे सहावीच्या वर्गाला सांगतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर येणारा भाव मला फार आवडतो. आपण बाकावर जे करतोय तेच एका मोठ्या अभियंत्याने, तसंच खेळण्याएवढं चाक घेऊन केलं होतं, हे त्यांना खरं वाटत नाही.

आता पाणी जातं कुठे तेही बघा. टब भरत येतो आणि खालची झाकणं पाण्यात बुडायला लागतात. बुडालेलं झाकण म्हणजे चाकाला लावलेला ब्रेक. सुरुवातीला चाललेलं चाक दहा मिनिटांनी मंदावलं आणि तुम्ही आस तपासत बसलात, तर आधी टबाकडे नजर टाका. चाकाचा तळ आणि टबातलं पाणी यांत निदान चार बोटं मोकळी हवीत.

पहिल्या गटाचं चालतं, चौथ्याचं चालत नाही

ही तक्रार फार वर्षं मला कोड्यात टाकत होती. चारही चाकं सारखी, बादली तीच, तोटी तीच. पहिला गट वजन उचलतो, चौथा गट रडकुंडीला येतो, आणि मग 'आमच्या नशिबात नाही' असं बोलणं सुरू होतं. ते बोलणं मला सहन होत नाही, म्हणून एकदा गटांचा क्रम उलटा केला. चौथ्या गटाचं चाक चाललं, पहिल्याचं थांबलं.

दोष बादलीत होता. तोटीतून पाणी किती जोराने येईल हे बादलीत तोटीच्या वर किती पाणी उभं आहे त्यावर ठरतं, आणि तेही वर्गमुळाच्या हिशेबाने. ३० सेंटिमीटर पाणी असताना जो वेग असतो, तो पाणी साडेसात सेंटिमीटरवर आलं की निम्मा होतो. वेग निम्मा म्हणजे दर सेकंदाला येणारं पाणीही निम्मं. शिवाय धार जवळ पडायला लागते, १२ आणि १ च्या मध्ये पडणारी धार ११ कडे सरकते. दोन्ही बाजूंनी मार.

उपाय सोपा. बादलीत जेवढी पातळी कायम ठेवायची तिथे एक भोक पाडा, त्याला नळी लावून ती टबात सोडा. दोन मुलं टबातलं पाणी तांब्याने सतत वर ओतत राहतील. जास्तीचं पाणी भोकातून परत जाईल, बादलीतली पातळी हलणार नाही. आता चारही गटांना सारखं पाणी. प्रयोगाच्या भाषेत याला काय म्हणायचं ते आठवीत शिकवता येईल. सहावीला 'सगळ्यांना सारखं' एवढं पुरतं.

तोटी पूर्ण उघडी असूनही धार बारीकच असेल तर नळीत हवा अडकलेली असते. नळी मध्येच वर चढून खाली उतरत असेल तर त्या कमानीत बुडबुडा बसतो. नळी पाण्याखाली धरून पूर्ण भरून घ्या, मगच लावा.

दोरा कुठे बांधलाय

आस ठीक, धार ठीक, टब ठीक, तरी १०० ग्रॅमचं वजन उचललं जात नाही. मग दोरा कशाभोवती गुंडाळला जातोय ते बघा. बहुतेक लेकरं तो मधल्या झाकणाभोवती बांधतात, कारण तिथे बांधायला सोपं.

हिशेब फळ्यावर करू. चाकात एका वेळी साधारण तीन झाकणं कामाची असतात, प्रत्येकात ५ ग्रॅम पाणी धरू. झाले १५ ग्रॅम. ते आसापासून सरासरी ४ सेंटिमीटरवर आहे. १५ गुणिले ४ म्हणजे ६०. मधलं झाकण ३ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे दोरा आसापासून दीड सेंटिमीटरवर. ६० भागिले दीड बरोबर ४०. घर्षण शून्य धरलं तरी हे चाक ४० ग्रॅमच्या वर उचलणार नाही. १०० ग्रॅम लटकवून त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

आता तोच दोरा स्पोकवर घट्ट बसवलेल्या रिफिलीच्या तुकड्याभोवती गुंडाळा. ती ६ मिलिमीटर जाड, म्हणजे दोरा आसापासून ०.३ सेंटिमीटरवर. ६० भागिले ०.३ बरोबर २००. घर्षणाचा वाटा वजा केला तरी १०० ग्रॅम आरामात वर येतं. फक्त हळू येतं. एका फेऱ्यात दोरा दोन सेंटिमीटरही गुंडाळला जात नाही. २५ सेंटिमीटर उचलायला १३-१४ फेरे लागतात. लेकरांना हा सौदा स्वतःच्या तोंडाने मांडू द्या: ताकद हवी तर वेग सोडायचा. किराणा दुकानातलं १०० ग्रॅमचं लोखंडी वजन आणा. दगडापेक्षा त्याचा विश्वास वाटतो, आणि तेच वजन रोज दुकानात पाहिलेलं असतं.

"प्यायला पाणी नाही अन् हे काय खेळ"

ही तक्रार मुलांची नाही, गावाची आहे, आणि ती मी गंभीरपणे घेतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्या घरात टँकरची वाट पाहत घागरी रांगेला लावलेल्या असतात, त्या घरातलं लेकरू शाळेत पाणी सांडताना दिसलं तर आईला राग येणारच. म्हणून आमच्याकडे नियम आहे: वर्षभर तेच १५ लिटर पाणी. वर्ष संपलं की ते शाळेच्या लिंबाच्या झाडाला. नळ उघडा ठेवून चाक फिरवणं आम्ही पूर्ण बंद केलं.

त्यातून धड्याचा सर्वांत चांगला भाग हाती लागला. टबातलं पाणी पुन्हा वर कोणीतरी चढवावं लागतं. १० लिटर पाणी जमिनीपासून बादलीच्या काठापर्यंत ८० सेंटिमीटर उचलायला सुमारे ७८ ज्यूल लागतात (ज्यूल हे काम मोजायचं माप). तेच पाणी तोटीपासून टबापर्यंत ३० सेंटिमीटर पडताना सुमारे २९ ज्यूल देऊ शकतं. आणि आमच्या चाकाने तेवढ्या पाण्यात १०० ग्रॅमचं वजन २५ सेंटिमीटर वर चौदा वेळा नेलं: साडेतीन ज्यूलच्याही आत. ७८, २९, साडेतीन. हे तीन आकडे फळ्यावर लिहिले की तांब्याने पाणी ओतून दंड दुखलेलं लेकरू विचारतं, "सर, मग माझी बाकीची ताकद गेली कुठं?" या एका प्रश्नासाठी मी हे सगळं करतो. उडालेले थेंब, आसाचं घर्षण, झाकणातून वेळेआधी सांडलेलं पाणी, सगळं तीच शोधून काढतात. पुढचा प्रश्न आपोआप येतो: नदीचं पाणी वर कोण नेतं? आणि इथे पुस्तकातलं जलचक्र पहिल्यांदा पाणचाकाला येऊन मिळतं, कारण ते पाणी सूर्य नेतो.

प्रात्यक्षिक चारीवर किंवा विहिरीवर नेऊ नका. कालव्याचं पाणी वरून संथ दिसतं, पण सिमेंटच्या उताराला शेवाळ असतं आणि पाय धरत नाही. टब आणि बादली पुरेशी आहे.

सहलीहून आल्यावर आडवं चाक

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहून आलं की निदान एक गट आडवं चाक करतो, आणि ते अजिबात फिरत नाही. त्यांचं पाहणं बरोबर असतं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ती चक्की डोंगरातून जमिनीखालच्या मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर चालायची; पाणी उंच भिंतीवरून खाली पडायचं आणि जात्याखालचं चाक फिरवायचं. चाक आडवं, आस उभा, त्याच आसावर वरचं जातं. मध्ये दाते नाहीत, पट्टा नाही. बांधणीतला तो साधेपणा मला आजही थक्क करतो.

मुलांची चूक एवढीच असते की ती पाणी आडव्या चाकाच्या मधोमध सरळ खाली सोडतात, आणि पाती सपाट असतात. मग पाणी सगळ्या बाजूंना सारखं पसरतं, फिरवणार कोणाला? पाती छपराच्या पत्र्यासारखी तिरपी हवीत आणि धार चाकाच्या एकाच बाजूला, कडेजवळ, तिरकी मारायला हवी. इथे मात्र धारेचा जोर कामाचा आहे, कारण हे चाक वजनाने नाही, धक्क्याने फिरतं. जे आमच्या उभ्या चाकाला बिघडवत होतं तेच याला चालवतं. तोटीला बारीक तोंडाची नळी लावा. प्लास्टिकचे चमचे ४५ अंशांत बसवले की पाती तयार.

दिवा का लागत नाही

येलदरी धरण आमच्या जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर. तिथे वीज तयार होते हे लेकरांना माहीत असतं, म्हणून चाक झालं की पुढची मागणी दिव्याची. खेळण्यातली मोटर आसाला जोडतात, तारा एलईडीला लावतात, अंधार. मग मोटर खराब, एलईडी खराब, असं म्हणून पैसे जातात.

काहीही खराब नसतं. ३ व्होल्टवर ती मोटर मिनिटाला काही हजार फेरे घेते. उलट बाजूने आपण तिला मिनिटाला शंभर-दीडशे फेरे दिले तर ती त्याच प्रमाणात व्होल्ट देणार. आमच्या मल्टिमीटरवर ०.०५ ते ०.१ दिसतं. लाल एलईडीला उजेडायला जवळपास २ व्होल्ट लागतात. आधी मल्टिमीटर दाखवा. शून्य नाही एवढं दिसलं की निराशा जाते. सीडीच्या कडेवरून मोटरच्या कण्यावर रबर बँडचा पट्टा घेतला तर फेरे कितीतरी पट होतात, पण ओझंही तेवढंच वाढतं आणि आमचं छोटं चाक थांबतं.

सायकलच्या डायनॅमोचा मोह टाळा. तो ६ व्होल्ट, ३ वॉटचा असतो. आपल्याकडे किती आहे ते मोजा: तोटीखाली लिटरची बाटली २० सेकंदांत भरते, म्हणजे सेकंदाला ०.०५ लिटर. ३० सेंटिमीटर उंची. ०.०५ गुणिले ९.८ (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले ०.३, सुमारे ०.१५ वॉट. सगळं पाणी एक थेंब न सांडता कामाला लागलं तरी एवढंच. येलदरीला वीज तयार करणारे तीन संच आहेत, प्रत्येकी साडेसात मेगावॉटचे, मिळून २२.५. आपली चाकं किती जोडली तर येलदरी होईल, हे गणित आठवीने केलं. पंधरा कोटी निघालं.

दिवा लावायचाच असेल तर मार्ग आहे. भंगारातल्या प्रिंटरमधली स्टेपर मोटर कमी फेऱ्यांतही पुरेसे व्होल्ट देते. ती हाताने फिरवताना अडखळते, म्हणून सीडीचं चाक तिला पुरं पडत नाही. सायकलचं जुनं चाक घ्या, छर्ऱ्यांसकट. कडेला अर्ध्या कापलेल्या लिटरच्या बाटल्या बांधा. मोटरच्या आतल्या एका वेटोळ्याच्या (कॉइलच्या) दोन तारांना दोन एलईडी एकमेकांना उलटे जोडा. वीज दिशा बदलत येते, त्यामुळे ते आळीपाळीने लुकलुकतात. या चाकाला १५ लिटर पाणी फार वेळ पुरत नाही. पावसाळ्यात छपराच्या पन्हाळीखाली एक मोठी बादली ठेवून आम्ही एका दुपारी ते चालवलं. दिवे जेमतेम मिनिटभर लुकलुकले, आणि वर्गाने ते मिनिट श्वास रोखून पाहिलं.

पुढच्या वर्षी तेच चाक जाम

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कपाटातून चाक काढलं की स्पोकवर पांढरी खरखरीत पुटं दिसतात आणि तोटीची धार वाकडी येते. हा बोअरच्या पाण्यातला क्षार. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं, चहाच्या पातेल्याला जे पांढरं धरतं तेच इथे. खरवडू नका, प्लास्टिकला चरे पडतात. तोटी आणि रिफिलीचे तुकडे लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. बारीक बुडबुडे येताना दिसतात, ते दाखवायला वर्गात काचेच्या ग्लासात करा. सकाळी साध्या पाण्याने धुवायचं. स्पोक मात्र त्यात ठेवू नका, गंजतो. तो सँडपेपरने पुसून व्हॅसलीनचा हात फिरवायचा. मग चाक कपाटात ठेवताना स्पोक काढून वेगळा ठेवा आणि चाक आडवं, सपाट ठेवा. उभं टेकवून ठेवलेली सीडी मेच्या उन्हाळ्यात वाकते, आणि जूनमध्ये पुन्हा कोणीतरी म्हणतं, "सर, फिरंना गेलंय."